उबेचा जमाखर्च

कोपरगावात थंडी पडते, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो सभ्यपणे हसतो. थंडी म्हटली की त्याला महाबळेश्वर आठवतं, आणि वर्तमानपत्रवाल्यांना निफाड. निफाड आमच्यापासून फार दूर नाही. गोदामाई नाशिक, निफाड करत आमच्याकडे येते आणि थंडीही साधारण त्याच वाटेने येते. पण निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथे तापमापक आहे आणि तो पहाटे वाचून आकडा लिहून ठेवणारा माणूस आहे. जगाचा नियमच आहे, ज्याची नोंद झाली तेच घडलं. निफाडची थंडी खात्यावर जमा आणि आमची नुसतीच सोसलेली!

शिवाय थंडीची ‘लाट’ म्हणजे काय, याचेही हवामान खात्याचे नियम आहेत. मैदानी मुलखात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं पाहिजे आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलं पाहिजे, तर लाट मंजूर. हे वाचल्यावर मला कर्जाच्या अर्जाची आठवण झाली. नुसतं कुडकुडून भागत नाही, पात्रतेत बसावं लागतं. एखाद्या गावाची सरासरीच मुळात कमी असेल, तर बिचारं दात वाजवत बसतं आणि अर्ज मात्र फेटाळला जातो.

आमच्या थंडीचं कारण अगदी साधं आहे. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा उत्तरेचा. काळी जमीन दिवसभर कमावलेली उष्णता रात्री उघड्या आभाळात उधळून टाकते. वर ढग असते तर त्यांनी तिला पांघरूण घातलं असतं. ते नसतात. म्हणजे थंडी हा मुळात पांघरुणाच्या अभावाचा प्रश्न आहे, जमिनीचाही आणि माणसाचाही.

आणि त्यातून आमची घरं! ती बांधली उन्हाळ्यासाठी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे जाड भिंती, उंच छत, मोकळं अंगण, वारा यावा म्हणून समोरासमोर खिडक्या. विलायती घरात भिंतीत शेकोटी असते आणि धूर जायला धुराडं असतं. आमच्या भिंतीत कोनाडा असतो आणि त्यात देवाचा दिवा किंवा विजेचं बिल. थंडी ही आमच्याकडे दरवर्षी न चुकता येणारी, पण दरवर्षी अचानक आल्यासारखी वाटणारी पाहुणी. तिच्यासाठी वेगळी खोली कुणी बांधली नाही, अंदाजपत्रकात वेगळी रक्कमही कुणी धरली नाही. मग इतकी वर्षं ही माणसं उबेत झोपली कशी?

इतिहासाच्या पुस्तकात याचं उत्तर शोधायला जावं, तर तिथे घोडे असतात, तोफा असतात, तह असतात. पांघरुणं नसतात. पानिपतच्या पराभवाची कारणं आपण शाळेत पाच गुणांसाठी पाठ केली. १४ जानेवारी १७६१ म्हणजे ऐन संक्रांतीचे दिवस, आणि तेही उत्तरेतले. रसद तुटलेली, पोटात अन्न नाही आणि अंगावर दक्षिणेच्या हवेला पुरेल एवढंच. पाच कारणांच्या यादीत सहावं कारण ‘थंडी’ असं एखाद्या मुलाने लिहिलं, तर मास्तर त्याला ‘विषयाला सोडून’ असा शेरा देतील. पण त्या यादीतली बाकीची पाच कारणं सोसणाऱ्या प्रत्येकाने हे सहावं कारणही सोसलेलं होतं.

आता आमच्या गावाकडे येऊ. कोपरगावचा इतिहास म्हटला की राघोबादादा. ज्यांच्या नावावर अटकेपारचे झेंडे जमा आहेत आणि नारायणरावाचा खून खर्ची पडला आहे, ते राघोबादादा शेवटी आमच्या गावात येऊन राहिले. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. त्यात दादांना दरमहा २५ हजार रुपये तनखा ठरला आणि राहायची जागा त्यांची त्यांनी निवडायची असं ठरलं. त्यांनी कोपरगाव निवडलं. निवृत्त माणसाला नदीकाठचं शांत गाव आवडतं, हे तेव्हापासूनचं आहे. पण हा तनखा त्यांना फार दिवस उचलता आला नाही. ११ डिसेंबर १७८३ रोजी दादा कोपरगावातच वारले. वय ४९. महिना डिसेंबर. म्हणजे थंडी होतीच.

त्या वेळी वाड्यात आनंदीबाई होत्या, आठ वर्षांचा बाजीराव होता आणि आनंदीबाईंना दिवस गेलेले होते. पुढच्या वर्षी, १७८४ मध्ये, चिमाजी अप्पाचा जन्म झाला. आता ज्या घरात ऐन हिवाळ्यात पाळणा हलायची वाट बघत असतात, त्या घरात काय चाललेलं असतं, हे सांगायला बखर लागत नाही. तिथे दुपटी शिवली जात असणार, कुंच्या शिवल्या जात असणार, जुनी मऊ लुगडी फाडून घड्या घातल्या जात असणार. बाहेर दुःख, आत दुपटी. आनंदीबाईंच्या हातात कथेकऱ्यांनी लेखणी दिली आणि ‘ध’चा ‘मा’ करायला लावला. सुई मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही. सुईने काही बिघडत नाही, म्हणून ती इतिहासात जात नाही.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. उबेलाही इतिहास आहे. तो वाड्याच्या दर्शनी दालनात नाही, माजघरात आहे. आणि माजघराचा हिशेब कुणीच न लिहिल्यामुळे ऊब ही फुकट मिळणारी गोष्ट आहे, असा आपण पुरुषांनी सोयीस्कर समज करून घेतला आहे.

सुरुवात घोंगडीपासून करू, कारण ती आमच्या मुलखाची आहे. दख्खनी मेंढीची लोकर ही काही काश्मिरी शाल नव्हे. ती जाड, राठ, अंगाला टोचणारी. धनगरांनी मेंढ्या कातरायच्या, बायकांनी लोकर पिंजून सूत काढायचं, सणगरांनी मागावर विणायचं आणि वर चिंचोक्याची खळ द्यायची. अशी घोंगडी थंडी अडवते, पाऊस अडवते, अंथरायला होते, पांघरायला होते आणि पाहुणा फार दिवस राहिला तर त्याला टोचून निघायची आठवणही करून देते. आमच्या जिल्ह्याला आज ज्यांचं नाव आहे त्या अहिल्याबाई चौंडीच्या धनगर घराण्यातल्या. म्हणजे नगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा थोडं घोंगडीचंही नाव झालं, असं मी मानतो.

पण घोंगडी विकत घ्यावी लागते. ज्या घरात ती एकच होती, तिथे ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या अंगावर जायची. बाकीच्यांसाठी गोधडी.

गोधडीचं अर्थशास्त्र फार वरच्या दर्जाचं आहे. वाणिज्य शाखेत आम्हाला घसारा शिकवतात. यंत्र घेतलं की दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी कमी करत आणायची आणि शेवटी ते भंगारात काढायचं. लुगड्याला हा नियम लागू नाही. लुगडं आधी सणाला नेसायचं, मग रोज नेसायचं, मग त्याला दंड घालायचा. दंड घालून फाटलं की त्याचं दुपटं, दुपट्याच्या उरलेल्या पट्ट्यांची गोधडी, आणि गोधडी विरली की तिचा पायपुसण्याचा हप्ता सुरू. पुस्तकी किंमत शून्य झाल्यावरही मालमत्ता पन्नास वर्षं चालू, हे कुठल्याही लेखापरीक्षकाच्या छातीत कळ आणणारं आहे.

ती करायची पद्धत पाहा. अंगणात किंवा ओसरीवर जुनं लुगडं पसरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे जुळवायचे, वरून पुन्हा एक बरं लुगडं. मग दोन-तीन जणींनी काठाकाठाने बसायचं आणि धावदोरा घालत आत आत सरकायचं. बारीक टाके, ओळीशेजारी ओळ. एका गोधडीत असे किती हजार टाके पडतात ते मोजायला कुणी बसलेलं नाही, कारण ज्यांना मोजता येत होतं ते पुरुष त्या वेळी पारावर बसलेले होते.

या थरांमध्ये हवा अडकते. उबेचं खरं गुपित ती हवा. कापड नुसतं तिला धरून ठेवतं आणि आपल्या अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे गोधडी आपल्याला काहीच देत नाही, आपलंच आपल्याला परत करते. बँक तरी यापेक्षा वेगळं काय करते? फरक इतकाच, की गोधडीला सही जुळावी लागत नाही आणि जेवणाच्या सुट्टीत ती बंद नसते.

शिवाय गोधडी हे घराचं पासबुक आहे. आमच्या आजीच्या गोधडीत आजोबांच्या कोर्टाच्या कोटाचं अस्तर होतं, आत्याच्या शाळेच्या परकराची निळी पट्टी होती आणि वडिलांच्या मुंजीतला एक पिवळा तुकडा होता. लहानपणी ताप आला की आम्ही पडल्या पडल्या हे तुकडे ओळखत असू. आजोबा आमच्या जन्मापूर्वीच गेलेले. त्यांची आमची ओळख त्या अस्तरापुरतीच. पण ती ओळख उबदार होती. सर्वच आजोबांच्या बाबतीत असं म्हणता येत नाही.

थंडीचा दुसरा उतारा चुलीपाशी. विलायतेत बर्फ पडायला लागलं की तिथल्या बायका भट्टी पेटवून केक भाजतात, असं आपण वाचतो आणि आपल्याकडे ‘बेकिंग’ नव्हतं म्हणून हळहळतो. हळहळायचं कारण नाही. आपल्याकडे भट्टी नव्हती, पण भाजणं होतं आणि ते थंडीचंच होतं. चुलीच्या राखेत रात्री खुपसून ठेवलेली रताळी. निखाऱ्यावर भाजलेलं भरिताचं वांगं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी उभी केली की टम्म फुगणारी. आणि हुरडा! शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, ज्वारीची कोवळी कणसं तिच्यात भाजायची आणि तळहातावर गरम गरम चोळायची. एवढी मोठी भट्टी विलायतेत कुणाच्या घरी असेल असं वाटत नाही. आमची भट्टी शेताएवढी, तिला झाकण आभाळाचं.

घरात एखादा पदार्थ दोन्ही बाजूंनी भाजायचा असेल तर पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. हाच आमचा ओव्हन. याला तापमानाचं बटण नव्हतं. तापमान आजीच्या तळहाताला कळायचं. हात धरून ती म्हणायची, “आत्ता नको,” आणि मग थोड्या वेळाने, “हं, आता.” या दोन वाक्यांत पाकशास्त्राचं एक आख्खं पुस्तक मावतं. लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० साली लिहून काढलं आणि कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. त्यापूर्वीची आणि त्याबाहेरची अशी सगळी विद्या त्या तळहातांवर होती. ती तळहातांबरोबरच गेली.

सुई शाळेत गेली ती इंग्रजी राज्यात, आणि याची एक वाट आमच्या जिल्ह्यातून जाते. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आल्या आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. नगरलाच १८६२ मध्ये त्या वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचे धडे याच फरारबाईंकडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम असायचं. मुलीला अक्षर शिकवायचं म्हटलं की घरातले म्हातारे बिथरायचे, टाका शिकवायचा म्हटलं की गप्प बसायचे. सुईच्या मागून दोरा यावा तशी सुईच्या मागून बाराखडी घरात शिरली. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं. तिथेही शिवणाचे वर्ग होते, पण आता शिवण हे निमित्त राहिलं नव्हतं, ते पोटापाण्याचं साधन झालं होतं. ज्या विधवेला घरात कुणी विचारत नव्हतं, तिच्या टाक्याला पहिल्यांदाच दाम मिळू लागला. माजघराच्या इतिहासातला हा मोठा दिवस. घरात जे काम ‘रिकामपणचा उद्योग’ होतं, त्याची बाहेर पावती फाटली.

मग यंत्र आलं. आयझॅक सिंगर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८५१ साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध होते हे सर्वांना माहीत आहे, पण १९२४ साली झालेल्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला सूट दिली. बायको हाताने शिवताना दमते, हे सिंगरला बघवेना म्हणून त्याने प्रेमापोटी हे यंत्र शोधलं, असं त्यांचं म्हणणं. महात्म्याचं मन मोठं असतं. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचे संसार एकापेक्षा जास्त होते आणि मुलं वीसच्या वर. त्यांना नेमक्या कोणत्या घरातलं दमणं बघवेना, हे ठरवणं कठीण आहे. इतक्या मुलांचे कपडे हाताने शिवायचे म्हटल्यावर यंत्राचा शोध कुणालाही लागला असता! ते काही असो, १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याचं उषा यंत्र मध्यमवर्गीय घरांत आलं आणि खिडकीशी बसलं. घरातली ही एकच वस्तू अशी, की जिला घरची बाई ‘माझं’ म्हणायची. बाकी सगळं ‘आपलं’.

विणकाम मात्र यंत्राला शरण गेलं नाही. दोन सुयांचं लोकरीचं विणकाम मडमांकडून आणि मिशनच्या शाळांमधून आपल्याकडे आलं आणि दोन-तीन पिढ्यांत इतकं मराठी झालं, की ‘एक सुलट, एक उलट’ हा जणू पाढाच झाला. दिवाळी संपली की घरोघर लोकरीचे गुंडे निघायचे. मासिकांत नमुने यायचे. शेजारणीच्या मुलाला रस्त्यात थांबवून त्याच्या पोटावरचे टाके मोजले जायचे. तो पोरगा एका जागी उभा, आणि दोघी बायका त्याच्याभोवती फिरून म्हणतायत, “इथे दोन एकदम घेतलेत बघ.” कोपरगावात तेव्हा बागेतल्या पुतळ्याला जितकं कुणी पाहत नसे, तितकं त्या पोराला पाहत.

स्वेटरच्या मापाचं एक शास्त्र होतं. तो आजच्या मुलासाठी विणायचा नाही, पुढच्या दोन हिवाळ्यांच्या मुलासाठी विणायचा. म्हणून पहिल्या वर्षी बाह्या हातांच्या पुढे चार बोटं, दुसऱ्या वर्षी बरोबर आणि तिसऱ्या वर्षी तो धाकट्याच्या नावावर वर्ग. शेवटी सगळ्यांना आखूड झाला की उसवायचा. उसवलेली लोकर कुरळी होते. ती वाफेवर धरायची, धुऊन वजन बांधून वाळवायची, की पुन्हा सरळ. त्यात नव्या रंगाचा एक गुंडा घालायचा आणि पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरुवात. जुनं खातं बंद करून त्याच शिलकीवर नवं उघडायची ही सोय मला दुसऱ्या कुठल्याच व्यवहारात दिसलेली नाही.

आणि या विणकामाने एकदा प्रत्यक्ष युद्धात भाग घेतला. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. आपले जवान हिमालयात आणि अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत. देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. शाळेतल्या मुलींनी, आजींनी, कचेरीतल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, पायमोजे विणले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण आजतागायत अभिमानाने म्हणतो. म्हणावंच. पण सह्याद्री धावला तेव्हा त्याच्या काखेत स्वेटरांचं एक गाठोडं होतं, हेही त्याच श्वासात म्हणावं. ज्या जवानाला तो मिळाला त्याला विणणारीचं नाव माहीत नव्हतं आणि विणणारीला त्याचं माप माहीत नव्हतं. तिने आपल्या मुलाच्या अंगावरून अंदाज घेतला आणि दोन इंच वाढवले. हाच तो पुढच्या दोन हिवाळ्यांचा हिशेब. तो परत येईल, असं त्यात गृहीत धरलेलं होतं.

सुई घरात राहिली, पण भाजणं मात्र एका पदार्थासाठी उंबरा ओलांडून बाहेर पडलं. तो पदार्थ म्हणजे नानकटाई. हिची कथा सुरतेची. तिथे डच लोकांची बेकरी होती. डच गेले तेव्हा ती एका पारशी गृहस्थाकडे आली. पाव फुगवायला ताडी वापरायचे, त्यामुळे सोवळ्याची मंडळी तो घेईनात. उरलेला पाव वाळून कडक व्हायचा. मग त्याच भट्टीत ताडी नाही, अंडं नाही, नुसतं तूप, साखर, पीठ अशी बिस्किटं निघू लागली, असं सांगतात. ‘नान’ हा शब्द फारसी, भट्टी डचांची, मालक पारशी, गाव गुजराती आणि खाणारे आपण. एवढ्या देशांनी मिळून दुसरं एकही काम न भांडता केल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या लहानपणी नानकटाई विकत आणायची नसे, भाजून आणायची असे. दिवाळीच्या आसपास, थंडी नुकतीच लागलेली असताना, रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा किंवा ऐपतीप्रमाणे तूप असं सगळं डब्यांत भरून बायका बेकरीत जायच्या. सोबत आम्ही पोरं, डबे धरायला. तिथे परातीत तूप आणि साखर हाताने फेसायची, पांढरी आणि हलकी होईपर्यंत. मग पीठ, सोडा, वेलदोडा. गोळे करून पत्र्याच्या ट्रेमध्ये ओळीने मांडायचे आणि आपल्या ट्रेमध्ये नावाची चिठ्ठी ठेवायची. सकाळचा पाव निघून भट्टी जरा उतरली की तिच्यात हे ट्रे लांब दांड्याच्या फळीने आत सरकायचे.

त्या दिवसांत गावातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे ती बेकरी. एरवी ज्या बायका एकमेकींना हळदीकुंकवालाच भेटायच्या, त्या तिथे दोन-दोन तास भिंतीला टेकून बसायच्या. पुरुषांना पार होता, बायकांना वर्षातून एकदा ही भट्टीची भिंत. तिथे सोयरिकी जमल्या, स्वेटरचे नमुने फिरले, सासवांचा उद्धार झाला. कुणाच्या ट्रेला भेगा सुंदर पडल्या आणि कुणाचं तूप कमी पडलं, हे एका दृष्टिक्षेपात जाहीर व्हायचं. ताळेबंद प्रसिद्ध करायची इतकी पारदर्शक पद्धत अजून कुठल्याही संस्थेला जमलेली नाही.

आता चित्र पालटलं आहे. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांनी स्वेटरचा व्यापार हाती घेतला. लुधियानाच्या कारखान्यांतला माल घेऊन हिवाळ्यात गावोगावी त्यांची दुकानं लागतात. स्वेटर स्वस्त झाला, रंगीत झाला, हलका झाला. विणायला महिना लागायचा, घ्यायला दहा मिनिटं लागतात, त्यातलीही आठ घासाघीस करण्यात जातात. गोधडीची जागा ब्लँकेटने घेतली. उलट भाजणं मात्र बाहेरून घरात परत आलं. ओट्यावर विजेचा ओव्हन आला आणि घरोघर केक व्हायला लागले. सुई गेली, भट्टी आली. शिल्लक तितकीच राहिली म्हणायची!

पण ही शिल्लक मांडायची कुठे? आम्हाला अर्थशास्त्रात पिगू नावाच्या इंग्रज पंडिताचं एक कोडं शिकवत. एखाद्याने पगारी घरकामवालीशी लग्न केलं, तर काम तेवढंच राहतं, पण राष्ट्रीय उत्पन्न घटतं. वर्गात आम्ही हसायचो. पुढे लग्नं झाल्यावर कळलं, की हा विनोद नसून हिशेबाची पद्धत आहे. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्यात दिवसभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका शंभरात ८१ निघाल्या आणि पुरुष २६. या कामाला त्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. हे २६ पुरुष कोणत्या गावचे, हे आमच्या सौभाग्यवतींनी मला विचारलं. ती ९७ मिनिटं कशी मोजली, हेही तिला जाणून घ्यायचं होतं, कारण ‘चहा झाला का?’ असं विचारण्यात तितका वेळ जात नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण एका जागी हसू थांबतं. आमचा तालुका साखरेचा. साकरवाडी, कोळपेवाडी, संजीवनी ही नावं इथे धुराड्यांवरून ओळखली जातात. गळीत हंगाम आणि थंडी बरोबरच येतात. त्यांच्याबरोबर बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडणीची माणसं येतात आणि फडाजवळ कोप्या घालून राहतात. पहाटे, ज्या वेळी आपण ‘अजून पाच मिनिटं’ म्हणून कूस बदलतो, त्या वेळी ती माणसं दवाने भिजलेल्या उसाला हात घालतात. त्यांच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याला. माणसं दोन, नोंद एक. एकटा असेल तर तो अर्धा कोयता. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते, कोपीवर येऊन भाकरी भाजते आणि रात्री पोराला गोधडीत गुंडाळून स्वतः काठाशी निजते. तिचं स्वतःचं असं खातं त्या वहीत नाही.

त्या कोपीतली गोधडी मी पाहिली आहे. तिच्यातही आमच्या आजीच्या गोधडीसारखेच तुकडे होते आणि टाकाही तोच, धावदोऱ्याचा. आमची गोधडी आता माळ्यावर आहे, तिची तिथे अजून कामावर आहे, एवढाच फरक. राघोबादादांच्या वाड्यापासून उसाच्या कोपीपर्यंत, पंचवीस हजारांच्या तनख्यापासून उचलीपर्यंत, आमच्या गावची थंडी सगळ्यांना सारखीच पडली. तिला कुणी तहाने थांबवलं नाही आणि तोफेनेही नाही. ज्यांनी थांबवलं त्यांच्या हाती सुई होती.

आमच्या कामात तारण म्हणून सोनं चालतं, जमीन चालते, विम्याची पॉलिसी चालते. गोधडी चालत नाही. तिला बाजारभाव नाही, असं नियम सांगतो. नियम बरोबरच असेल. पण डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे, पारा उतरलेला असताना आणि खिडकीच्या फटीतून उत्तरेचा वारा आत येत असताना, नियम करणाऱ्या साहेबांना एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला गोधडी अशी निवड करायला सांगावी. साहेब काय पांघरतात ते पाहावं आणि मग नोंद करावी. जमेच्या बाजूला.